माझे तीन एक्के

पत्त्यांच्या स्पर्धेत शेवटच्या तासाला हातात भारी पानं आली तर काय करावं, याविषयी माझा एक सिद्धान्त होता. ‘होता’ म्हणतो, कारण तो अजूनही बरोबर आहे, पण मी आता तो कोणाला सांगत नाही. ठाण्याला नौपाड्यात आमची कचेरी. तिथे जेवणाच्या सुट्टीत बावीस वर्षं आगपेटीतल्या काड्या लावून तीन पत्ती खेळता खेळता मी तो तयार केला. सुरुवातीला अंग चोरून खेळायचं, पानं बेताची असली की मुकाट्याने टाकून द्यायची. पण स्पर्धा पुढे सरकते तसा बूट, म्हणजे प्रत्येक डावाला सगळ्यांनी सक्तीने मध्ये टाकायचा वाटा, वाढत जातो. मग नुसतं बसून राहणाराही झिजत जातो. अशा वेळी भारी पानं आली की ती कुरवाळत बसू नये, सरळ ढीग पुढे लोटावा आणि समोरच्याला घाम फोडावा. हे मी कचेरीत इतक्यांना समजावलं होतं, की मी जवळ येताना दिसलो की आमचे साहेबसुद्धा फायलीत डोकं घालत.

१९८८ च्या जानेवारीत आमच्या सुखनिवास सोसायटीला दहा वर्षं पूर्ण झाली. डोंबिवली पूर्वेला सोळा बिऱ्हाडांची चार मजली इमारत. वर्धापनदिनाला दर वर्षी संगीतखुर्ची आणि लिंबू-चमचा व्हायचा, पण आदल्या वर्षी संगीतखुर्चीत तिसऱ्या मजल्यावरच्या सहदेव भगतांचा गुडघा दुखावला आणि ते सहा महिने जिना चढताना ज्या ज्या घरावरून जात त्या त्या घराला ऐकू येईल असं कण्हत होते. म्हणून या वर्षी बसून खेळायचा खेळ हवा, असं अध्यक्ष देवराम गायकवाड यांनी ठरवलं. गायकवाड टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी फळ्यावर नोटीस लावली: तीन पत्ती स्पर्धा, प्रत्येक घरातून एक खेळाडू, पहिलं बक्षीस मिक्सर. आमच्या सोसायटीने तोवर स्टीलच्या वाटीपेक्षा मोठं बक्षीस कोणाला दिलं नव्हतं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी ती नोटीस तीनदा वाचली आणि घरी जाऊन नीलाला, म्हणजे माझ्या बायकोला, मिक्सर कुठे ठेवणार तेवढी जागा करून ठेवायला सांगितलं.

पैसे लावायचे नाहीत, चिंचोके लावायचे, असं ठरलं होतं. प्रत्येक घराने शंभर चिंचोके आणून द्यायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण एक रविवार त्यातच गेला. कोणी भाजलेले आणले, कोणी आमटीतून काढून धुतलेले आणले. सहदेव भगतांनी फोडलेल्या चिंचोक्यांचे दोनशे अर्धे तुकडे आणले आणि दोन तुकड्यांचा एक धरावा असा आग्रह धरला. गायकवाडांनी तो फेटाळला, तर भगत म्हणाले की तसं नियमात लिहिलेलं दाखवा. नियमात तसं लिहिलेलं नव्हतं. मग नियमात ‘अखंड’ हा शब्द घालण्यासाठी कार्यकारिणीची वेगळी बैठक झाली.

त्यातून बाहेर पडतो तोच तळमजल्यावरच्या भाऊंनी मुद्दा काढला, की चिंचोके असले तरी जुगार तो जुगारच, आणि उद्या पोलीस आले तर आपल्या मुलींच्या लग्नाचं काय. पोलिसांची परवानगी काढायची ठरली. मी सरकारी कचेरीत आहे म्हणून अर्ज लिहिणं आणि घेऊन जाणं माझ्याकडे आलं. चौकीतल्या हवालदारांनी अर्ज दोनदा वाचला आणि एका चिंचोक्याची किंमत किती, असं विचारलं. मी म्हणालो, काही नाही. ते म्हणाले, मग हा जुगार नाही, आणि जुगार नाही तर परवानगी कशाची. मी म्हणालो, मग जुगार नाही एवढं लेखी द्या. ते म्हणाले, मी लेखी दिलं आणि उद्या तुम्ही पैसे लावलेत तर माझी नोकरी जाईल. दोघांचंही बरोबर होतं. अशा तीन खेपा झाल्यावर त्यांनी अर्जावर ‘पाहिले’ असा शिक्का मारून मला कायमचं घालवून दिलं. तो अर्ज गायकवाडांनी फळ्यावर काचेखाली लावला.

या गडबडीत एक गोष्ट सांगायची राहून गेली, आणि तीच खरी महत्त्वाची आहे. मार्चमध्ये माझी खात्याची हेडक्लार्कची परीक्षा होती. आधी दोनदा नापास झालो होतो. तिसरी संधी शेवटची, त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आहे त्याच खुर्चीत. माझ्या हाताखाली शिकलेली दोन पोरं पास होऊन माझ्या वरच्या टेबलावर बसली होती आणि मला ‘साळवीकाका’ म्हणत होती. काका म्हणवून घेणं मला एरवी आवडतं, पण ज्याच्याकडे सही मागायला जावं लागतं त्याने काका म्हणू नये. नीलाने दिवाळीपासून घरात रेडिओ लावला नव्हता. मी नियमांचं जाड पुस्तक घेऊन सकाळी दोन तास बसायचो आणि पत्त्यांची स्पर्धा हा माझा त्यातला एकुलता एक विरंगुळा होता.

पहिल्या फेरीत चार-चार जणांची चार टेबलं होती आणि प्रत्येक टेबलावरचा शेवटी उरणारा माणूस सगळे चिंचोके घेऊन अंतिम फेरीत जाणार होता. माझ्या टेबलावर समोरच्या दारातले सीताराम रणदिवे होते. औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर आहेत. अकरा मिनिटांत त्यांचे शंभरही चिंचोके संपले आणि ते सल्ला द्यायला मोकळे झाले. त्यांनी खुर्ची उचलली, माझ्या पाठीमागे मांडली आणि त्या दिवसापासून अंतिम फेरी संपेपर्यंत ती तिथून हलवली नाही. बघ्यांनी बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून ते नाकातून आवाज काढत. चांगलं खेळलो तर लांब, चुकलो तर तुटक. मी मात्र माझ्या सिद्धान्ताप्रमाणे खेळलो आणि टेबल जिंकलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानेसुद्धा मला विचारलं, की मिक्सर कधी येतोय.

अंतिम फेरी वर्धापनदिनाच्या रविवारी, सकाळी दहा वाजता, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत. एक वाजता मंडपवाला खुर्च्या न्यायला येणार होता, कारण दुपारी त्याच खुर्च्या एका बारशाला जाणार होत्या. म्हणून एक वाजता ज्याच्यापुढे जास्त चिंचोके तो विजेता, असं ठरलं. चौघांपैकी तळमजल्यावरच्या भाऊंनी सकाळीच निरोप पाठवला, की विठ्ठलवाडीची मावशी अचानक आजारी पडली म्हणून ते येऊ शकत नाहीत. त्यांचे चारशे चिंचोके बाद केले. उरलो तिघं: मी, सहदेव भगत आणि आवडाबाई नाखवा.

आवडाबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. नवरा गेल्यावर होडी विकून त्यांनी पहिल्या मजल्यावरची जागा घेतली होती. सकाळी बाजारात मासळी विकायच्या, आणि कॉलेजात जाणारी मुलगी नंदा अशी दोघीच घरात. पानं हातात घेतल्या घेतल्या एकदाच बघायच्या, पालथी टेबलावर ठेवायच्या आणि पुन्हा उचलायच्या नाहीत. मी डावाला पाच वेळा पानं बघतो. मधल्या वेळात ती बदलली असतील अशी आशा असते.

पहिले दीड तास माझे होते, असं नम्रपणे सांगतो. बूट वाढला तसा मी सिद्धान्त बाहेर काढला. जोडी आली, ढीग लोटला. एका रंगाची तीन आली, आणखी मोठा ढीग लोटला. पावणेबाराला माझ्यापुढे साडेसातशे चिंचोके होते, भगतांकडे तीनशे आणि आवडाबाईंकडे जेमतेम दीडशे. सीतारामभाऊंचा नाकातला आवाज एकसारखा लांबच येत होता.

तेवढ्यात नीला कोकम सरबत घेऊन आली. ती खेळाच्या जागी कधी येत नाही. तिने ग्लास ठेवला आणि पदर सावरण्याच्या निमित्ताने वाकली.

“जिंकू नका,” ती म्हणाली.

“का?”

“जिंकेल त्याला सेक्रेटरी करणार आहेत. गायकवाडकाकू आत्ता जिन्यात बोलून गेल्या. शाल आणि नारळ आणून ठेवलाय.”

ज्यांनी सहकारी सोसायटीत दिवस काढलेले नाहीत त्यांना यातली भीती कळणार नाही. आमचे तेव्हाचे सेक्रेटरी काळुराम शेलार हा एके काळी हसरा माणूस होता. चार वर्षांपूर्वी वर्धापनदिनाला त्यांना अचानक स्टेजवर बोलावलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि ‘आपले नवे सेक्रेटरी’ असं जाहीर केलं. अंगावर शाल असताना आपल्याकडचा माणूस नाही म्हणू शकत नाही. पंप बंद पडला की लोक त्यांना आंघोळीतून हाक मारत. एका गृहस्थाने गळतीचा पुरावा म्हणून छतातून पडलेलं पाणी बाटलीत भरून त्यांच्या देवघरात आणून ठेवलं होतं. त्यांनी तीनदा राजीनामा दिला आणि तीनदा तो त्यांनाच आवक नोंदवहीत नोंदवावा लागला. आता ठाण्याहून सहकार खात्याचं पत्र आलं होतं, की महिनाअखेर नवा सेक्रेटरी नेमला नाही तर सोसायटीवर प्रशासक बसेल. शेलार आणि गायकवाड यांनी मिळून मिक्सर का आणला, हे माझ्या एकदम ध्यानात आलं. विठ्ठलवाडीची मावशीही ध्यानात आली.

परीक्षेला सहा आठवडे उरले होते. सेक्रेटरी झालो तर त्या सहा आठवड्यांत पुस्तक उघडायचीसुद्धा सोय नव्हती.

“आणि मिक्सर?” मी विचारलं.

“मला पाटा-वरवंटा चालतो,” नीला म्हणाली. “तुम्ही परीक्षा द्या.” आणि ती रिकामा ट्रे घेऊन वर निघून गेली. बावीस वर्षांत मी तिला घरात एकही यंत्र आणून दिलं नव्हतं आणि तिने ते मला कधी ऐकवलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. त्याच वेळी पानं वाटली गेली आणि मला चार राजांपैकी दोन आले.

ते मी टाकून दिले. पाठीमागे एक तुटक आवाज झाला.

पाचच मिनिटांत भगतांना त्यांच्या बायकोने तिसऱ्या मजल्यावरून गॅसचा सिलिंडर बदलायला वर बोलावलं. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता आणि गुडघा अजिबात दुखत नव्हता. सिलिंडर बदलायचा नव्हता हे मी ओळखलं. मी ओळखलं हे त्यांनी ओळखलं. त्यानंतर आमच्या दोघांत जो खेळ सुरू झाला तसा तीन पत्तीच्या इतिहासात कोणी खेळला नसेल. पानं हातात पडली की ‘पॅक’ म्हणून टाकून द्यायची. आधी कोण टाकतो अशी चढाओढ. भगत तर तिसरं पान मिळायच्या आत टाकायला लागले, तेव्हा पंच म्हणून गायकवाडांना निर्णय द्यावा लागला, की खेळाडूने निदान सगळी पानं मिळेपर्यंत थांबावं. जमलेल्या लोकांना काही कळेना. बूट मात्र प्रत्येक डावाला आवडाबाईंना मिळत होता आणि त्या तो शांतपणे ओढून घेत होत्या.

पण याने माझं भागेना. भगतांकडे मुळातच कमी होते, त्यांना नुसतं बसून राहणं पुरेसं होतं. ते आता खुर्चीत आरामात रेलले होते. माझा ढीग मात्र माझ्याच हुशारीने उभा केलेला. बूट टाकून टाकून एक वाजेपर्यंत तो संपणार नव्हता. सव्वाबारा वाजले तरी मीच पुढे होतो. म्हणजे आता मला मोठा डाव हरायचा होता, आणि हरायला समोर खेळणारं माणूस लागतं.

साडेबाराला मला गुलाम, सत्ती आणि चौकी अशी मनाजोगती पानं आली. तिन्ही वेगवेगळ्या रंगांची, एकमेकांशी काही संबंध नसलेली. मी शंभर चिंचोके पुढे लोटले. आवडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पालथ्या पानांकडे पाहिलं आणि पानं टाकून दिली. बूट माझ्याकडे आला. लोकांना वाटलं, साळवी पुन्हा रंगात आले. सीतारामभाऊंनी नियम मोडून माझ्या खांद्यावर थाप मारली.

मग मी ठरवलं, की पानं बघायचीच नाहीत. तीन पत्तीत न बघता खेळता येतं, त्याला ब्लाइंड म्हणतात. बघूनही माझं वाईट होत असेल, तर न बघता कदाचित बरं होईल. पुढच्या डावाला मी पानांना हात न लावता दोनदा ढीग लोटला. आवडाबाईंनी बरोबरी केली आणि शो मागितला, म्हणजे दोघांनी पानं उघडायची. त्यांच्याकडे राण्यांची जोडी होती. मी आनंदाने माझी पानं उलटली. इस्पिकची सत्ती, अठ्ठी आणि नव्वी, रांगेने. टाळ्या पडल्या. गायकवाड माझ्याकडे मुलगी बघायला आलेल्या स्थळाकडे मुलीच्या वडिलांनी बघावं तसे प्रेमाने बघायला लागले. शेलारांनी तर शाल घडीतून काढून झटकून ठेवली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

एकला दहा मिनिटं कमी असताना गायकवाडांनी शेवटचा डाव जाहीर केला. मंडपवाला दारात उभा होता. माझ्यापुढे सातशेच्या वर, आवडाबाईंकडे तीनशे, भगतांकडे उरलेसुरले. भगतांनी तिन्ही पानं मिळेपर्यंत मोठ्या कष्टाने वाट पाहिली आणि टाकली. मी पानांना हात लावला नाही. आवडाबाईंनी आपली पानं एकदा बघितली, पालथी ठेवली आणि चिंचोके लोटले. मीही लोटले. त्यांनी पुन्हा लोटले. मी पुन्हा लोटले. मध्ये एवढा ढीग झाला की काही चिंचोके टेबलावरून घरंगळून मंडपवाल्याच्या पायाशी गेले. मग आवडाबाईंनी पुढ्यातलं होतं नव्हतं ते सगळं दोन्ही हातांनी पुढे सारलं आणि हात झटकून बसल्या.

आता माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. आमच्या नियमाप्रमाणे वीस चिंचोके टाकून शो मागायचा, नाहीतर पानं टाकून द्यायची. टाकून दिली की मधला ढीग त्यांचा, त्या माझ्या पुढे, आणि मी सुटलो. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाने त्याच क्षणी पॅक म्हटलं असतं. पण बावीस वर्षांची सवय. मी पानं उचलली.

चौकटचा एक्का. इस्पिकचा एक्का. बदामाचा एक्का.

तीन एक्क्यांच्या वर तीन पत्तीत काहीच नसतं. बावीस वर्षांत ते मला कधी आले नव्हते. कचेरीत कोणालाच कधी आले नव्हते. आमचे एक जुने शिरस्तेदार आपल्याला एकदा आल्याचं सांगत, पण तेव्हा ते एकटेच पानं लावत बसले होते. शेवटचा डाव, सगळी इमारत जमलेली, समोर भरलेला ढीग, आणि हातात जगातली सगळ्यात भारी पानं. माझ्या सिद्धान्ताला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नव्हतं. पाठीमागून आता लांब नाही की तुटक नाही, कसलाच आवाज येत नव्हता. सीतारामभाऊंनी पानं पाहिली होती आणि त्यांचा श्वास अडकला होता.

खोटं कशाला सांगू, मी अर्धा मिनिट शो मागायचंच मनात धरून बसलो होतो. उजव्या हाताने वीस चिंचोके वेगळेसुद्धा काढले. मग मला देवघरातली ती पाण्याची बाटली आठवली. ‘साळवीकाका, जरा थांबा हं’ असं म्हणणारं पोर आठवलं. आणि वर ओट्यावर मिक्सरसाठी मोकळी करून ठेवलेली जागा पुन्हा भरून टाकणारी नीला डोळ्यांसमोर आली.

“पॅक,” मी म्हणालो आणि तिन्ही एक्के पालथे गड्डीखाली सरकवून दिले.

पाठीमागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. सीतारामभाऊ जमिनीवर बसले होते. त्यांना पाणी द्यावं लागलं.

खरा धोका त्यानंतर आला. गायकवाड शाल घेऊन निघाले ते सरळ माझ्याकडेच, कारण गेला तासभर ते मनाने माझ्याकडेच येत होते. शेलारांनी कोपराला धरून त्यांना वळवलं. गायकवाड आवडाबाईंसमोर थांबले, घसा साफ केला आणि लोकांकडे बघून म्हणाले, की विजेत्यावर सोसायटी एक मोठी जबाबदारी सोपवणार होती, ती सेक्रेटरीपदाची, पण बाईमाणसाला बाजार सांभाळून हा त्रास देणं बरं दिसणार नाही, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा विचार करावा का. दुसऱ्या क्रमांकावर मी होतो. गायकवाडांच्या हातातली शाल माझ्या दिशेला झुकली. तीन एक्के टाकूनही माणूस सुटत नसेल तर त्याने करायचं तरी काय.

आवडाबाई उठल्या. त्यांनी गायकवाडांच्या हातातून शाल घेतली, स्वतःच खांद्यावर नीट टाकली, नारळ घेतला आणि मिक्सरचा खोका मुलीकडे दिला.

“नंदा,” त्या म्हणाल्या, “शिक्का नि वह्या कुठं हायत त्या शेलारभाऊंना इचारून घे. लिवायला तू हायस, बोलायला मी हाय.”

शेलारांना विचारावं लागलं नाही. ते एकेक पायरी सोडून जिना चढत होते. दोन मिनिटांत रजिस्टर, शिक्का, पंपाच्या खोलीची किल्ली आणि चार वर्षांचा पत्रव्यवहार घेऊन ते खाली आले, तेव्हा लोकांनी चार वर्षांनी त्यांना हसताना पाहिलं. मंडपवाल्याने माझ्या खालची खुर्ची काढून नेली तरी मला ते बराच वेळ कळलं नाही, इतकं मला हलकं वाटत होतं.

दुपारच्या जेवणाला नीलाने शिरा केला. मी तिला सगळं सांगितलं. तीन एक्के म्हटल्यावर ती घास हातात धरून थांबली आणि म्हणाली, “खरंच?” मग तिने मला आणखी पळीभर शिरा वाढला. पण बायकोला सांगणं वेगळं. मला चारचौघांनी ते ऐकावं असं वाटत होतं. सीतारामभाऊ दिसेल त्याला सांगत होते, पण पहिल्या फेरीत अकरा मिनिटांत बाद झालेल्या माणसावर लोक किती विश्वास ठेवणार. मी वाट बघत बसलो, की कोणीतरी येईल आणि विचारेल.

दिवेलागणीला दार वाजलं. आवडाबाई आणि नंदा, नंदाच्या हातात रजिस्टर. पहिल्याच दिवशी घरोघर फिरून त्या तक्रारी लिहून घेत होत्या. आमच्या न्हाणीघराची ओल त्यांनी स्वतः हात लावून पाहिली आणि नंदाला लिहायला सांगितली. माझ्या टेबलावरचं जाड पुस्तक दिसल्यावर परीक्षा कधी आहे ते विचारलं आणि तोवर सकाळचा पंप माझ्या भिंतीकडच्या मोटरवर चालवायचा नाही, हेही लिहायला सांगितलं. इतकं सगळं झाल्यावर मला राहवेना. मी विचारलं, शेवटच्या डावाला तुमच्याकडे काय होतं.

“दुर्री, तिर्री नि पंजी,” त्या म्हणाल्या. “येगयेगल्या रंगाची.”

त्याहून हलकी पानं तीन पत्तीत नसतात. मी विचारलं, मग एवढं सगळं लावलंत कशाच्या जोरावर.

“मना सेक्रेटरी व्हयाचा व्हता,” त्या म्हणाल्या. “बाजारात गायकवाडीन पापलेट घेताना बोलली, जितंल त्याला करनार म्हनून. सात वरसां मिटिंगला बसतंय. सगल्यांना इचारतात, तू व्हतंस काय, तू व्हतंस काय. मना कोनी इचारला नाय. म्हटला, जितूनच घ्यावा.”

त्या सगळ्या मीटिंगांना मीही होतो. सेक्रेटरी कोण होणार म्हणून मीही पंधरा घरांकडे बघितलं होतं आणि सोळाव्या घराकडे माझी नजर कधी गेली नव्हती. मला लाज वाटली. त्यांनी शाल अजून खांद्यावरच ठेवली होती.

“तुमच्याकडं काय व्हता पन?” त्यांनी विचारलं.

दुपारपासून ज्या प्रश्नाची मी वाट बघत होतो, तो हाच. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. नीला ऐकत होती.

“काही नव्हतं,” मी म्हणालो. “नव्वी, छक्की आणि चौकी.”

“मना वाटलाच,” आवडाबाई म्हणाल्या, आणि इतक्या खूश झाल्या की नंदाच्या पाठीवर थाप मारून बाहेर पडल्या. समोरचं दार वाजलं. सीतारामभाऊंनी ते उघडलं आणि उंबऱ्यातच माझ्या तीन एक्क्यांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. आवडाबाई मोठ्याने हसल्या. मी माझं दार हळूच लावून घेतलं आणि पुस्तक उघडून बसलो.